घर विकताना दलालीची घासाघीस: किती, कशावर आणि केव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधला २ बीएचके, १९९८ सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट आहे. मालक बंगळुरूला, किल्ली शेजारच्या काकूंकडे. अपेक्षा १ कोटी १० लाखांची. एक एजंट २ टक्के अधिक जीएसटी मागतोय आणि सहा महिने फ्लॅट दुसऱ्या कुणाला दाखवायला द्यायचा नाही म्हणतोय. दुसरा म्हणतो, "मला काहीच देऊ नका. तुमच्या हातात १ कोटी ५ लाख पडले की झालं, वरचं माझं." तर २ चा १ कसा करायचा, आणि या दुसऱ्याचं ऐकायचं का?

दुसऱ्याचं ऐकू नका. कारण पुढे सांगतो, ते जरा सविस्तर आहे. आणि २ चा १ करणं तुम्हाला वाटतंय तितकं अवघड नाही. दलालीचा दर कुठल्या कायद्याने ठरलेला नाही, महारेरानेही (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने) ठरवलेला नाही. पुण्या-मुंबईत रिसेलमध्ये विकणाऱ्याकडून १ आणि घेणाऱ्याकडून १ अशी सर्वसाधारण पद्धत आहे. विकणाऱ्याला सांगितलेले २ टक्के म्हणजे भाजीवाल्याचा पहिला भाव. तुम्ही नुसतं "बाकीचे एकावर करतात" म्हणालात तरी तो दीडवर येईल, आणि गप्प बसलात तर बहुतेक एकवरही येईल.

पण खरा प्रश्न तो नाही. १ कोटी १० लाखांवर २ टक्के म्हणजे २,२०,०००, वर १८ टक्के जीएसटी ३९,६००. एकूण २,५९,६००. १ टक्क्याने याच्या निम्मे, १,२९,८००. म्हणजे अख्ख्या भांडणाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. आता दुसरं गणित बघा. ग्राहक १ कोटी ५ लाखांवर अडून बसला, तर एजंट तुम्हाला फोन करून सांगेल, "साहेब, देऊन टाका, मार्केट थंड आहे." तुमचे पाच लाख गेले. १ टक्क्याच्या हिशेबाने त्याचे गेले फक्त पाच हजार, आणि त्या पाच हजारांत त्याचा महिनाभराचा पाठपुरावा वाचला. यात तो लबाड आहे असं नाही. सरसकट टक्का हा असाच चालतो. किंमत थोडी वर नेण्यात तुम्हाला जेवढा रस आहे, तेवढा त्याला असण्याचं कारणच नसतं.

म्हणून टक्का खाली ओढण्याआधी त्याचा आकार बदला. दोन टप्पे करा: १ कोटी ५ लाखांपर्यंत पाऊण टक्का, आणि त्याच्या वर जे मिळेल त्यावर ५ टक्के. १ कोटी ५ लाखांना सौदा झाला तर त्याला ७८,७५०. १ कोटी १० लाखांना झाला तर ७८,७५० अधिक २५,०००, म्हणजे १,०३,७५०. १ कोटी १५ लाखांना गेला तर १,२८,७५०, म्हणजे सरसकट १ टक्क्याने मिळाले असते त्या १,१५,००० पेक्षा जास्त. वरच्या प्रत्येक लाखावर त्याला आता हजार नाही, पाच हजार मिळतात. फोनवर त्याचा सूर बदललेला तुम्हाला ऐकू येईल.

यात एक खाच आहे. मधला आकडा, इथे १ कोटी ५ लाख, खरा हवा. तुम्ही तो १ कोटी १५ ठेवलात तर एजंट मान डोलावेल आणि तुमचा फ्लॅट गठ्ठ्याच्या तळाशी टाकेल. खरा आकडा काढायला पोर्टलवरचे भाव बघू नका, ते मागितलेले भाव असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्याच सोसायटीतल्या किंवा शेजारच्या सोसायटीतल्या गेल्या वर्ष-दीड वर्षातल्या दस्तांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा. त्यात क्षेत्रफळ आणि मोबदला दोन्ही असतात. चौरस फुटांचा दर काढताना सगळीकडे कार्पेटच (भिंती वगळून आतलं क्षेत्र) धरा. जुन्या दस्तांत बिल्ट-अप (भिंती धरून) लिहिलेलं असतं आणि नवीन दस्तांत कार्पेट, तिथे हमखास घोळ होतो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. फ्लॅट रिकामा, कागद स्वच्छ, लिफ्ट, पार्किंग, कर्ज नाही, असं असेल तर १ टक्क्याच्या वर जाण्याचं कारण नाही. चौथा मजला बिनलिफ्टचा, आत भाडेकरू, भावंडांमध्ये वाटणी राहिलेली, किंवा बँकेचा बोजा फेडायचा बाकी, यातलं काही असेल तर एजंटाचं काम तिप्पट होतं. तिथे दीड-दोन टक्के देऊन चांगला माणूस घ्यावा. तुमच्या बाबतीत अडचण एकच: तुम्ही इथे नाही. म्हणजे दर भेटीला किल्ली घेणं, दार उघडणं, पाणी-दिवे बघून बंद करणं हे त्याच्या माणसाला करावं लागणार. तो हे बोलून दाखवेल, आणि ते खरंही आहे. त्यावर उत्तर असं की बाकीचं काम मी कमी करून देतो.

ते कसं? फाइल तयार ठेवा. बिल्डरकडून घेतल्यापासूनचे सगळे नोंदणीकृत करारनामे आणि प्रत्येकाची सूची २, भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), चालू मेंटेनन्सची पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मिळकत कराची पावती, महावितरणचं बिल, भोगवटा पत्र, मंजूर नकाशा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आणि परत मिळालेले मूळ कागद. हे सगळं स्कॅन करून एका पीडीएफमध्ये. रिसेलचे सौदे भावावर मोडतात त्यापेक्षा जास्त वेळा ग्राहकाच्या बँकेच्या वकिलाने मागितलेला एखादा १९९८ सालचा कागद सापडत नाही म्हणून मोडतात, आणि एजंटाला त्याची धास्ती असते. पहिल्या भेटीत ही फाइल पुढे ठेवलीत तर अर्धी घासाघीस तिथेच होते.

याच फाइलवरून त्याची परीक्षाही घ्या. पुण्यात बऱ्याच जुन्या इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत. तिथे भाग दाखला नसतो, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. तुमची इमारत यातली कोणती आणि त्याने दस्तात काय फरक पडतो, एवढं विचारा. गडबडला तर तो ग्राहक आणेल, पण दस्तापर्यंत नेणार नाही. महारेराचा नोंदणी क्रमांकही मागा. जुन्या, रेराच्या आधीच्या इमारतींच्या रिसेलला ती नोंदणी सक्तीची नाही. पण महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली आहे, तेव्हा नोंदणी असलेल्याने किमान नियम वाचलेले तरी असतात.

पुढचा मुद्दा बरेच लोक विसरतात: ग्राहक कुणाचा? एजंटाने स्वतःचाच ग्राहक आणला तर त्याला दोन्ही बाजूंनी दलाली मिळते. तुमच्याकडून १ आणि ग्राहकाकडून १ धरले तर एका फ्लॅटवर २,२०,०००. ग्राहक दुसऱ्या एजंटाचा असेल तर त्याला फक्त तुमची बाजू. या दोन स्थितींना दर वेगळे ठेवणं रास्त आहे आणि चांगला एजंट त्याला नाही म्हणत नाही. मी साधारण असं सुचवतो: दोन्ही बाजू त्याच्याच असतील तर वर सांगितलेला पाऊण टक्का, ग्राहक दुसऱ्याचा असेल तर १ टक्का, वरच्या टप्प्याचे ५ टक्के दोन्हीकडे तेच. उलट करू नका. कारण मग दुसऱ्या एजंटाचा ग्राहक तो तुमच्यापर्यंत येऊच देणार नाही, आणि तुम्हाला ते कधी कळणारही नाही.

सहा महिने फक्त त्यालाच द्यायचं का? दोन्ही टोकं वाईट. दहा एजंटांना दिलंत तर तोच फ्लॅट मॅजिकब्रिक्स आणि ९९एकर्सवर पाच भावांनी, पाच क्षेत्रफळांनी, त्याच फोटोंसकट दिसतो, आणि ग्राहकाला वाटतं मालक अडलेला आहे. वर कुणीच मेहनत घेत नाही, कारण सौदा आपल्याकडे येईलच याची खात्री नसते. एकालाच सहा महिने दिलंत तर तो तुमचा फ्लॅट दुसरा विकण्यासाठी वापरू शकतो: "हा बघा, हा १ कोटी १० ला, आणि तो पलीकडचा लाखभर कमीला." म्हणून ४५ किंवा ६० दिवस द्या, त्यापुढे आपोआप वाढ नाही. या काळात दर आठवड्याला कोण येऊन गेलं आणि काय म्हणालं एवढं त्याने कळवायचं. आणि तुमचे स्वतःचे ओळखीचे लोक आधीच वगळा. सोसायटीतलं कुणी मुलासाठी घ्यायचं म्हणत असेल, तर त्यांचं नाव पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितलंत तर भांडण ठरलेलं.

मुदत संपल्यावरचं शेपूटही बांधून ठेवा. त्याने मुदतीत दाखवलेल्या ग्राहकाने मुदतीनंतर तीन महिन्यांत घेतलं तर दलाली त्याची, एरवी नाही. पण "दाखवलेला" म्हणजे कोण? यासाठी प्रत्येक भेटीनंतर त्याने व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकायची: तारीख, आडनाव, फोनचे शेवटचे चार आकडे. दोन एजंट एकच ग्राहक घेऊन आले की वाद या एका ओळीवर मिटतो.

पैसे केव्हा द्यायचे, यावर टक्क्यापेक्षा जास्त वेळ घालवा. एजंट साठेखताच्या (खरेदीखताआधीच्या विक्री कराराच्या) नोंदणीच्या दिवशी, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेरच पूर्ण रक्कम मागतात. त्या दिवशी तुमच्या हातात किती आलेलं असतं? टोकन आणि मार्जिनचे (ग्राहकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे) पैसे, फार तर १५-२० टक्के. उरलेलं ग्राहकाच्या बँकेकडून यायचं असतं, आणि बँकेचा मूल्यांकनकार भाव कमी काढतो, किंवा ग्राहकाचं आधीचं एखादं कर्ज निघतं, किंवा त्याची नोकरीच जाते. एजंटाला पूर्ण पैसे मिळालेले असले की त्यानंतरचे दोन महिने तो फोन उचलतो, पण तिसऱ्यांदा. म्हणून टोकनच्या वेळी शून्य, साठेखत नोंदल्यावर निम्मे, आणि बँकेचा चेक जमा होऊन खरेदीखत व ताबा झाल्यावर उरलेले निम्मे. त्याने कुरकुर केली तर ६०-४० वर या, त्यापुढे नको. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २१९ याच बाजूला आहे: वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. अडचण अशी की त्याने पाठवलेल्या छापील फॉर्मवर तुम्ही सही केलीत की तो वेगळा करार झाला. फॉर्ममध्ये "टोकन मिळाल्यावर दलाली देय" अशी ओळ शोधा आणि खोडा.

टोकन किंवा विसार घेताना रक्कम थेट तुमच्या खात्यात यायला हवी, एजंटाच्या नाही. ग्राहकाने माघार घेऊन टोकन जप्त झालं तर त्यात एजंटाचा वाटा आहे का, हेही आधीच ठरवा. माझ्या मते नाही. घर विकलं गेलेलं नाही.

सह्यांना पुण्याला यावं लागेल. येणं जमत नसेल तर मुखत्यारपत्र बहीण-भावाच्या नावाने करा. एजंटाच्या नावाने कदापि नको, "फक्त नोंदणीपुरतं" म्हणाला तरीही.

आता बिलाचं. तो म्हणेल, "रोख द्या, जीएसटी वाचेल." पाटी-पेन्सिल घेऊन बघा. १ टक्का दलाली १,१०,०००, जीएसटी १९,८००, एकूण १,२९,८००. फ्लॅट दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो, आणि विक्रीसाठी दिलेली दलाली त्या नफ्यातून वजा होते. १,२९,८०० वर १२.५ टक्के १६,२२५, त्यावर ४ टक्के उपकर धरून १६,८७४. म्हणजे बिल घेतल्याने खरा जादा खर्च २,९२६ रुपये. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय आहे. तो तुमच्या फायद्याचा ठरत असेल तर बिल घेणंच स्वस्त पडतं. सगळा नफा नव्या घरात गुंतवून कर शून्यावर येणार असेल तर मात्र हे वजावटीचं गणित लागू नाही. तरीही पावती हवीच, नाहीतर उद्या तो "मला निम्मेच मिळाले" म्हणाला तर काय दाखवणार?

आणि जीएसटी मागणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक आहे का? सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. घासाघीस संपली की शेवटी एकदा विचारायचं: "हा आकडा जीएसटी धरून की वेगळा?" १ टक्क्यावर आनंदाने हात मिळवलेल्या माणसाला बिलात १.१८ दिसतो, त्याचं कारण हा न विचारलेला प्रश्न.

तसेच "फाइल चार्ज", "सोसायटीचं काम", "बँकेचं काम" अशा नावाखाली वरून काही मागितलं तर ते टक्क्यात धरलेलं आहे असं सांगा. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये आहे आणि ते सोसायटीच्या नावाने, सोसायटीच्या पावतीवर जातं. एजंटाच्या हातातून जाण्याचं कारण नाही. हातात किती येणार याचा हिशेब मांडताना एक कपात मात्र खरी असते: किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर ग्राहक १ टक्का टीडीएस कापतो. तुमच्या बाबतीत योगायोगाने तेही १,१०,०००. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, दलालीशी त्यांचा संबंध नाही. परदेशात राहणाऱ्या मालकाला मात्र हे पार वेगळं असतं. तिथे कपात कितीतरी मोठी होते आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढून ठेवावं लागतं.

आता त्या "वरचं माझं"वाल्याकडे येऊ. धंद्यात याला नेट रेट म्हणतात. समजा त्याने ग्राहकाला १ कोटी १२ लाख सांगितले आणि ग्राहक तयार झाला. ग्राहकाला कर्ज हवं, म्हणून दस्त १ कोटी १२ लाखांचाच होणार. तो दस्त तुमच्या नावाचा, पैसे तुमच्या खात्यात, भांडवली नफा १ कोटी १२ लाखांवर मोजला जाणार. आणि त्यातले सात लाख तुम्ही एजंटाला द्यायचे. फुकट म्हणणाऱ्याने सव्वासहा टक्के घेतले. तो बिल देईल का? दिलं नाही तर त्या सात लाखांवरचा करही तुमच्याच डोक्यावर. बिल दिलं तर त्यावर जीएसटी कुणी भरायचा हा नवा वाद. यात ग्राहकाची खरी बोली काय होती हे तुम्हाला कळू नये अशीच सगळी रचना असते, आणि एजंटाचं पहिलं काम तेवढंच तर असतं, आलेली बोली मालकाला सांगणं. तो फरक रोखीत बाहेरून घेतो म्हणाला तर जास्तच दूर राहा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे ती तुमच्या वतीने घेतली असं ठरलं तर तुम्हाला.

वेळेचाही थोडा उपयोग करून घ्या. पितृपक्षात कुणी टोकन देत नाही, एजंट मोकळे असतात आणि दरावर नीट बोलतात. तेव्हा ठरवून, फोटो काढून, नवरात्रात फ्लॅट बाजारात आणा. मार्चअखेरीला उलट असतं. १ एप्रिलला रेडी रेकनर (सरकारी मूल्यदर) वाढेल या भीतीने दस्तांची रांग लागते आणि कुणाला घासाघीशीला फुरसत नसते.

सगळं ठरलं की वकिली कागद नको असेल तर एवढा मेसेज पुरतो. शब्द हेच ठेवा:

"फ्लॅट क्रमांक अमुक, कोथरूड. आजपासून ६० दिवस फक्त तुम्हाला. दलाली: दस्तातल्या किमतीवर १.०५ कोटींपर्यंत पाऊण टक्का (ग्राहक दुसऱ्या एजंटाचा असल्यास १ टक्का), त्यावरील रकमेवर ५ टक्के. जीएसटी नोंदणी असल्यास वेगळा, बिलावर. इतर कोणताही खर्च नाही. निम्मी रक्कम साठेखत नोंदल्यावर, निम्मी पूर्ण पैसे जमा होऊन ताबा दिल्यावर. सौदा रद्द झाल्यास उरलेली दलाली नाही. प्रत्येक बोली मला त्याच दिवशी कळवावी. टोकन थेट माझ्या खात्यात. मान्य असल्यास 'मान्य' लिहा."

काही जण फोन करून म्हणतात, "अहो, एवढं लिहायची काय गरज, आपला विश्वास आहे." हसून म्हणा, विश्वास आहेच, फक्त मी बंगळुरूला आहे. 'मान्य' आल्याशिवाय किल्ली काकूंकडेच राहू द्या.